सेल बदलल्यापासून क्रोनोग्राफचा काटा बारावर येतच नाही, मशीन खरंच गेली का?

धावपट्टी:
नमस्कार सगळ्यांना, इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या. माझ्याकडे पप्पांचं सीकोचं क्रोनोग्राफ आहे, म्हणजे स्टॉपवॉचवालं घड्याळ, मागच्या झाकणावर ७टी९२ कोरलंय. पप्पा दुबईला होते तेव्हा २००६ ला घेतलेलं. मधला मोठा सेकंदकाटा एरवी बारावर गप्प उभा असतो, स्टॉपवॉच चालू केलं की पळतो, आणि आत तीन छोटे डायल आहेत, एकात रोजचा सेकंद, एकात १/२० सेकंद आणि एकात स्टॉपवॉचचे तास-मिनिटं. मी आठवीत असताना इथे सोलापूरला पार्क स्टेडियमवर पहिल्यांदा चारशे मीटर पळले तेव्हा पप्पांनी कठड्याला टेकून ह्याच घड्याळावर टाइम घेतला होता. ते गेल्यापासून मीच वापरते. शाळेत पीटी शिकवते, पोरांचे शंभर-दोनशेचे टाइम ह्याच्यावरच घेते. मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आहे माहितीये, पण घामाचं बोट स्क्रीनवर नीट लागत नाही, इथे बटण दाबलेलं बोटाला कळतं.

तर झालं असं की दीड महिन्यापूर्वी घड्याळ बंद पडलं. बॅगेत वरचं बटण दाबलं गेलं असणार, स्टॉपवॉच रात्रभर चालूच राहिलं आणि त्यातच सेल संपला. बाजारात एका दुकानात दिलं, त्यांनी पाच मिनिटांत सेल टाकून दिला, घड्याळ चालू झालं, मी खुश. घरी येऊन बघते तर रिसेट केलं की मोठा काटा बाराऐवजी १९ सेकंदावर जाऊन थांबतोय, १/२० वालाही वाकडाच. परत त्याच दुकानात गेले तर म्हणाले मशीन गेली, पूर्ण मशीन बदलावी लागेल. तेव्हापासून मी प्रत्येक टाइममधून १९ वजा करून वहीत लिहितेय. शिवाय खालचं बटण हल्ली जड लागतंय, आणि मे महिन्यात घड्याळ जवळजवळ १५ सेकंद मागे पडलं, आधी एवढं कधी पडायचं नाही. ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणं आहेत का? मशीन बदलायची माझी अजिबात इच्छा नाही.

मशीनवेडा:
ताई आधी निवांत व्हा, मशीन गेलेली नाही. काटा दर वेळी बरोब्बर १९ वरच येतो ना? मग मोटर चांगली, गिअर चांगले, फक्त शून्य कुठे आहे हे घड्याळ विसरलंय. झाकण उघडायचीही गरज नाही. स्टॉपवॉच थांबवून रिसेट करा, मग क्राउन, म्हणजे बाजूची चावी, दुसऱ्या क्लिकपर्यंत बाहेर ओढा, म्हणजे आपण टाइम लावताना ओढतो तसा. आता वरचं बटण दोन सेकंद दाबून धरा, स्टॉपवॉचच्या काट्यांपैकी एखादा काटा एक पूर्ण गिरकी घेईल, म्हणजे आता त्याची पाळी आहे. मग खालच्या बटणाने एकेक टिचकी देत त्याला शून्यावर आणा, बटण दाबून धरलं की भराभर पळतो. परत वरचं बटण दोन सेकंद, पुढचा काटा गिरकी घेईल, त्यालाही तसंच आणा. सगळे शून्यावर आले की टाइम लावा आणि क्राउन आत. शून्याच्या पुढे गेलात तर घाबरू नका, मागे येत नाही, अख्खी फेरी मारून आणायचा.

ही पद्धत मशीनप्रमाणे बदलते हां, मियोटा कंपनीच्या ओएस१० सारख्या मशीनमध्ये क्राउन ओढून नुसतं बटण दाबलं तरी काटा सरकतो, पाळी निवडायची भानगड नाही. वाचणाऱ्या बाकीच्यांनी झाकणावरचा नंबर बघून त्या मशीनचं मॅन्युअल काढावं, अंदाजाने बटणं दाबत बसू नये.

जुनी पेटी:
वरच्या भावांनी बरोबर सांगितलंय. माझी ह्याच धंद्यात तीस वर्षं गेली, आता पोरगा बसतो दुकानात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण "मशीन गेली" हे ऐकून लोकांनी चांगली घड्याळं ड्रॉवरमध्ये टाकून दिलेली मी लई बघितलीत.

आत काय चाललंय ते कळलं की भीती जाते बघा. सेलवर एक छोटा क्वार्ट्झचा क्रिस्टल थरथरतो, ट्यूनिंग फोर्कसारखा दोन पायांचा असतो तो, सेकंदाला ३२,७६८ वेळा. हा आकडा मुद्दाम निवडलाय, कारण त्याचा अर्धा, त्याचा अर्धा असं पंधरा वेळा करत गेलं की बरोब्बर १ उरतो. हे अर्धं करण्याचं काम चिप करते आणि मग सेकंदाला एक झटका मोटरला देते. मोटर म्हणजे काय, तर एक कॉइल, केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेची, आणि मधे इवलासा चुंबक. एका झटक्याला चुंबक अर्धी गिरकी घेतो, पुढच्या झटक्याला करंट उलटा फिरतो आणि चुंबक उरलेली अर्धी घेतो. तिथून गिअर, गिअरवरून काटा. साध्या घड्याळात अशी एक मोटर असते, क्रोनोग्राफमध्ये जास्त. १९८३ ला सीकोचं ७ए२८ आलं, काट्यांचं पहिलं क्वार्ट्झ क्रोनोग्राफ, त्यात चार मोटर होत्या आणि सगळं मशीन धातूचं, १५ ज्वेलचं, म्हणजे चाकांच्या दांड्या टेकायला १५ खडे. असं मशीन उघडून साफ करायला बसलं की जेवायची शुद्ध राहत नाही माणसाला.

आता मुद्द्याचं. चिपला डोळे नाहीत. काटा कुठे उभा आहे हे तिला दिसत नाही, ती फक्त मोजते. आपण शून्यापासून किती झटके दिले एवढाच हिशोब तिच्याकडे असतो आणि रिसेट दाबलं की त्याच हिशोबाने ती काटा परत नेते. ताई तुमचा सेल संपला तेव्हा काटा १९ वर उभा होता. नवीन सेल पडला, चिपचा हिशोब कोरा झाला, आणि जिथे काटा उभा तेच शून्य असं तिने धरलं. आता ती रोज इमानदारीने काटा तिच्या शून्यावर नेतेय. बिघाड काहीच नाही.

म्हणून सेल बदलायला देताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. घड्याळ चालू असेल तर आधी स्टॉपवॉच रिसेट करून काटे शून्यावर आणूनच द्यायचं. आणि सीकोच्या ह्या मशीनमध्ये सेल टाकल्यावर आत एसी लिहिलेली एक जागा असते, ती आणि सेलची प्लस बाजू चिमट्याने दोनेक सेकंद जोडायची, त्याने चिप नीट कोऱ्यापासून सुरू होते. हे केलं नाही तर कधी बटणं ऐकत नाहीत, कधी काटे वेड्यासारखे पळतात, आणि मग गिऱ्हाईकाला सांगतात मशीन गेली. पाच मिनिटांच्या घाईत हे राहून जातं. ज्या माणसाला एसीची जागा माहीत नाही त्याने क्रोनोग्राफ उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, राग येऊ दे कुणाला.

सेल कोणता टाकलाय तेही एकदा बघून घ्या. नंबर एसआरने सुरू होत असेल तर तो सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्टचा, शेवटपर्यंत जवळजवळ तेवढाच व्होल्टेज देतो. एलआरने सुरू होत असेल तर अल्कलाइन, स्वस्त, त्याचा व्होल्टेज वापरता वापरता उतरत जातो आणि तो लीक व्हायची भीती जास्त. घालताना दोन्ही सारखेच बसतात म्हणून लोक फसतात. अक्षरांपुढचा आकडा मापाचा, ९२७ म्हणजे साडेनऊ मिलिमीटर रुंद आणि २.७ जाड, ९३६ म्हणजे तेवढाच रुंद पण ३.६ जाड. जाडीत चूक झाली तर कॉन्टॅक्टची पत्ती वाकते.

टॉवेलवाला:
काका, लई भारी समजावलं. माझा एक अनुभव टाकतो, सोलापूरकरांना उपयोगी पडेल. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. मी यूट्यूब बघून माझ्या क्रोनोग्राफचा सेल स्वतः बदलला, तोही शेडमधल्या ऑफिसात टेबलावर टॉवेल अंथरून, घड्याळाला ओरखडे नको म्हणून. दोन दिवस चाललं आणि मग स्टॉपवॉचचा काटा ३० च्या आसपास अडखळायला लागला, एका जागी थरथर करायचा आणि पुढे सरकायचा नाही. शेवटी एका कारागिराने डोळ्याला लूप, म्हणजे भिंग, लावून बघितलं तर गिअरमध्ये सुताचा एक तंतू अडकलेला. एवढासा तंतू, नुसत्या डोळ्याला दिसतसुद्धा नाही. त्या मोटरला ताकदच किती असते, तिला तेवढा तंतू पण दोरखंडासारखाच. आपल्याकडे घरोघरी चादरी-टॉवेल आहेत, सूत हवेतच असतं, त्यामुळे उघडायचंच असेल तर काच किंवा गुळगुळीत कागद अंथरा, पंखा बंद करा आणि कापडाने पुसू नका. तेव्हापासून मी स्वतः उघडत नाही.

अजून एक, लूमचं तेल घड्याळात घालणारे महाभाग मी पाहिलेत. नका घालू.

जुनी पेटी:
तेलाचं बरं आठवण केलंत. क्वार्ट्झसाठी मोबियस ९०१४ सारखं अगदी पातळ तेल येतं आणि तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच, ठराविक पिव्होटला, म्हणजे चाकाच्या दांडीच्या टोकाला. जास्त तेल म्हणजे कमी तेलापेक्षा वाईट, ते पसरतं, धूळ पकडतं आणि मोटरला ओढायला जड होतं. मशीन जड झाली की चिप जास्त ताकदीचे झटके द्यायला लागते आणि सेल लवकर संपतो. म्हणून एखाद्या घड्याळाचा सेल तीन वर्षांऐवजी दहा महिन्यांत संपायला लागला तर सेलला दोष देण्याआधी मीटरवर करंट मोजून घ्या, मायक्रोअँपियरमध्ये असतो. आणि कॉइल मोजायची असेल तर रेझिस्टन्स बघायचा, सर्किट उघडं दाखवलं तर तार तुटली. ही तार निम्म्या वेळा सेल बदलताना स्क्रूड्रायव्हर घसरून तुटलेली असते, आपोआप सहसा तुटत नाही.

ताई, तुमच्या खालच्या बटणाचं मात्र मला काळजीचं वाटतंय. ते वेगळं दुखणं आहे. बटणाच्या दांडीवर रबराची बारीक रिंग असते, घामाचं मीठ आणि मैदानाची माती तिच्यात जाऊन बसते. जड बटणाने एक दिवस आत पाणी जातं आणि तेव्हा खरंच मशीन जाते. बटणं काढून साफ करून, रिंगा बदलून, सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवून घ्या. झाकणाचा गॅसकेट, म्हणजे आतली रबराची रिंग, पण बदला, २००६ चा असेल तर तो आता वाळलेल्या चिंचेसारखा झाला असणार. आणि झाकण लावल्यावर हवेच्या प्रेशरचं टेस्ट मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच तपासून घ्या. डायलवर पाण्याच्या दाबाचं काही बार लिहिलं असलं तरी ते नवीन असतानाचं. पाण्यात बटण तर कधीच दाबायचं नाही.

हुरडापार्टी:
मला पण हाच प्रॉब्लेम आहे पण वरचा उपाय लागू पडेना, म्हणून इथेच विचारतो. माझ्यात व्हीके६३ मशीन आहे. रिसेट केलं की काटा झटकन येतो पण बारापासून दीड खूण अलीकडे थांबतो. क्राउन ओढून बटणं दाबून बघितली, काहीच सरकत नाही. आणि उजवीकडचा छोटा काटा तर चालतच नाही, त्याला पण दाखवावं लागेल का?

मशीनवेडा:
भाऊ तुमचं मशीन वेगळ्या जातीचं आहे. व्हीके६३ म्हणजे मेकाक्वार्ट्झ, वेळ क्वार्ट्झवर चालते पण स्टॉपवॉचचा भाग मेकॅनिकल, त्यात काट्याच्या दांड्यावर बदामाच्या आकाराचा कॅम असतो आणि रिसेट दाबलं की एक हातोडी त्या कॅमवर आपटते, कॅम कुठूनही फिरून एकाच जागी येतो. म्हणून काटा झटक्यात येतो, फिरत फिरत नाही. तिथे चिपचा हिशोबच नाही, मग बटणांनी शून्य लावायचं कसं? तुमचा काटा दांड्यावर किंचित सरकलाय, पडल्याने किंवा सारखं जोरात रिसेट केल्याने होतं तसं. कारागीर काटा उपटून बरोबर बारावर परत बसवेल, दहा मिनिटांचं काम, पण घरी करू नका.

उजवीकडचा छोटा काटा बिघडलेला नाही. ते २४ तासांचं डायल आहे, तासकाट्याला जोडलेलं, दिवसभरात एकच फेरी मारतं. सकाळी बघा आणि रात्री बघा. ह्या एका काट्यापायी लोक घड्याळ परत करायला निघतात.

चाळीसडिग्री:
मे महिन्यात मागे पडण्याचं कुणीच बोललं नाही, ते मी सांगतो, फिजिक्स शिकवतो त्यामुळे ह्या विषयात रस आहे. हे क्रिस्टल साधारण २५ डिग्रीला सगळ्यात वेगाने चालतात. तापमान त्याच्या वर जाऊ दे नाहीतर खाली, दोन्हीकडे घड्याळ मागेच पडतं, आणि फरक तापमानाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, दर डिग्री वर्गाला दहा लाखांत सुमारे ०.०३५ भाग. आता ४२ डिग्री धरा. २५ पासून फरक १७, त्याचा वर्ग २८९, गुणिले ०.०३५ म्हणजे दहा लाखांत साधारण १० भाग. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे दिवसाला जवळजवळ ०.९ सेकंद. रात्री थंड होतं म्हणून पूर्ण एवढं पडत नाही, पण महिन्याला १५ सेकंद सहज. मनगटावर घड्याळ असतं तेव्हा त्याचं तापमान ३० च्या आसपास राहतं आणि तिथे हाच हिशोब दिवसाला ०.१ सेकंदाच्याही आत येतो. ताई, मेच्या सुट्टीत घड्याळ कुठे होतं तुमचं? कपाटात, पत्र्याखाली, की हातात?

धावपट्टी:
बापरे, एवढी उत्तरं! एकेक करून सांगते.

सर, तुम्ही अगदी बरोबर धरलंत. सुट्टीत शाळा नव्हती म्हणून घड्याळ वरच्या खोलीत टेबलावर पडलेलं, आणि आमची वरची खोली पत्र्याची आहे, दुपारी तिथे उभं राहवत नाही. जूनपासून परत हातात आहे आणि आज टीव्हीवरच्या वेळेशी लावून बघितलं तर तीन आठवड्यांत चार सेकंद.

काट्यांचं काल रात्री केलं. पहिल्यांदा वरचं बटण पुरेसं धरलं नाही म्हणून काहीच झालं नाही, मग मनात एक हजार एक, एक हजार दोन म्हणत धरलं आणि तासमिनिटांच्या छोट्या डायलमध्ये काट्यांनी गिरकी घेतली, मी अक्षरशः ओरडलेच, आई आतून धावत आली. मोठा काटा शून्याच्या पुढे गेला एकदा, अख्खी फेरी मारून आणला. खालचं जड बटण ह्या कामाला फार त्रास देत होतं पण झालं. आता रिसेट केलं की बरोब्बर बारावर. आईने चालू-बंद करून तीनदा बघितलं.

काका, तुम्ही ते चिपला डोळे नाहीत म्हणालात ना, ते वाचून मला दीड महिना वहीत १९ वजा करत बसले त्याचं वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं, म्हणजे टाइम बरोबरच होते, फक्त शून्य दुसरीकडे होतं. वही फाडायची गरज नाही.

एक शंका राहिली. १/२० चा काटा खरंच तेवढा अचूक धरायचा का? म्हणजे पोरगा १३.४० ला आला असं लिहू का?

चाळीसडिग्री:
घड्याळ तेवढं अचूक आहे, आपलं बोट नाही. आवाज ऐकून किंवा माणूस रेषा ओलांडताना बघून बोट दाबायला साधारण ०.२ सेकंद जातात आणि ते दर वेळी सारखे नसतात. म्हणूनच अॅथलेटिक्समध्ये हाताने घेतलेला टाइम पुढच्या ०.१ सेकंदावर नेऊन लिहितात. तुमच्या काट्याने १३.३५ दाखवलं तर १३.४ लिहा. आणि शंभर मीटरला तुम्ही शेवटच्या रेषेवर उभ्या असाल तर सुरुवातीची शिट्टी तुमच्यापर्यंत पोचायलाच ०.३ सेकंद लागतात, तेवढा टाइम तुम्ही पोरांना फुकट देताय. सुरू करणाऱ्याला हात किंवा झेंडा खाली करायला सांगा आणि ते बघून बटण दाबा.

धावपट्टी:
हे तर कुणी कधी सांगितलंच नव्हतं! पप्पा कठड्यावरून रुमाल बघून बटण दाबायचे, माझे घरचे काका सुरुवातीच्या रेषेवर रुमाल खाली करायचे, मला वाटायचं उगाच करतात.

जुनी पेटी:
ते ठीक पोरी, पण बटण कधी दाखवणार? पावसाळा सुरू झालाय आणि तू मैदानावर असतेस. रिंगा बदलेपर्यंत पाऊस आला की घड्याळ काढून खिशात टाकत जा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि दाखवायला जाशील तेव्हा आधी काटे शून्यावर.

धावपट्टी:
शनिवारी शाळा सकाळची आहे, सुटली की थेट जाते. पिशवी आत्ताच बॅगेत टाकली काका.